वाघाडच्या पाण्याचा नकाशा

आपल्या शिवाराचा नकाशा काढणारा माणूस सहसा परका असतो. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या नव्या मोजणीस व आकारणीस आरंभ केला. पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, मातीचा कस ठरला, सारा ठरला. परंतु निसर्गाचे दान कोणाच्या बांधापर्यंत पोहोचते आणि कोणाच्या बांधाअलीकडेच संपते, हे सांगणे त्या कागदाचे काम नव्हते.

नाशिक जिल्ह्यातच, बागलाणात मोसम व आरम या नद्यांच्या काठी, कागदाविना एक नकाशा शतकानुशतके नांदत होता. ती फड पद्धती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत. नदीचे पाणी पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे गावकरी मिळून ठरवीत. एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे.

मोठ्या धरणांच्या काळात ही जाण मागे पडली. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण झाले. त्याच्या कालव्याचे शेवटचे टोक निफाड तालुक्यातील ओझर परिसरात. खात्याच्या नकाशावर ही शेते लाभक्षेत्रात होती. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे पाणी वरच्या अंगालाच संपे. शेवटच्या शेतकऱ्याला लाभ मिळाला तो कागदावर!

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९१च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, त्याची पट्टी संस्थेने भरायची आणि पीक शेतकऱ्याने ठरवायचे, असा हा व्यवहार होता.

अशा संस्थेकडे वितरिका सोपविण्यापूर्वी संयुक्त पाहणी करावी लागते. शेतकरी आणि अधिकारी पाटावरून एकत्र चालतात. कोठे भराव खचला, कोठे दरवाजा मोडला, कोठे चारी बुजली, हे नोंदवितात. संस्थेची हद्दही गावाच्या शिवेवरून नव्हे, तर पाणी ज्या वाटेने वाहते त्यावरून ठरते. नकाशा येथे पायांनी काढला जातो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होती. पाटातून पाझरलेले पाणी वाया जात नाही. ते विहिरींना मिळते. म्हणून ओझरकरांनी ओहोळांवर बंधारे घालून पावसाळ्यातील जादा पाणी त्यांत सोडले. कालवा, ओहोळ आणि विहीर हे एकच पाणी आहे, हे त्यांच्या हिशेबात आले. आज या भागातील द्राक्षमळे पाहताना या हिशेबाची आठवण ठेवली पाहिजे.

हळूहळू वरच्या अंगाची गावेही सामील झाली. २००३ साली वाघाडच्या २४ संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला, आणि २००५ साली महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला.

२००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे. ती कचेरीत बसून भरली, तर जुन्या सर्व्हेसारखीच परकी राहील. वाघाडचा धडा साधा आहे: नकाशा खरा की खोटा, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.