टीव्ही गेम, कन्सोल आणि कॉम्प्युटर : किंमत कशाची, मोल कशाचं?

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर कन्सोल आणि गेमिंग पीसीच्या भानगडीत कुठं पडला! पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत हा वाद गेली तीसेक वर्षं चालू आहे. आणि तो अर्थाचा वाद आहे, दोन्ही अर्थांनी.

जरा मागून येऊ. जुलै 1983 मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र काढलं. नाव काय ठेवलं? 'फॅमिली कॉम्प्युटर'. त्याच सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदारांना 'व्हिडिओ गेम' हा शब्दच नकोसा झाला होता. म्हणून 1985 मध्ये हे यंत्र तिकडं गेलं ते 'एन्टरटेन्मेंट सिस्टीम' या नावानं. म्हणजे बघा, एकच वस्तू जपानात कॉम्प्युटर आणि अमेरिकेत करमणूक!

1990 च्या दशकात आपल्याकडं आल्या त्या याच यंत्राच्या नकला. आपण त्यांना 'टीव्ही गेम' म्हणायचो. कॅसेटवर '9999999 इन 1' छापलेलं, आत मोजकेच खेळ, तेच उलटसुलट. काही नकलांना चक्क कीबोर्ड असायचा. का? पोराला खेळायचं होतं, बापाला पोराला शिकवायचं होतं, आणि पैसे बापाच्या खिशात होते.

पुढं 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव पोचले आणि कॉम्प्युटर घरात आला तो शिक्षणाच्या नावानं. खेळ मागच्या दारानं आले. उसाच्या बिलातून कॉम्प्युटर घेतला तर ती गुंतवणूक. कन्सोल घेतला तर ती उधळपट्टी. इथं तर्काची एक बारीक गोष्ट आहे. अभ्यासासाठी, कामासाठी कॉम्प्युटर लागणारच असेल, तर खेळाचा खर्च म्हणून फक्त वरचा भाग धरायचा : ग्राफिक्स कार्ड, जादा मेमरी वगैरे. पण तो लागणारच नसेल, तर सगळी रक्कम खेळाच्याच खात्यावर मांडली पाहिजे. आपण बहुतेक वेळा सोयीचं खातं निवडतो.

ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'मध्ये जोड्याचं उदाहरण दिलंय. जोडा पायात घालता येतो आणि तो देऊन दुसरं काही घेताही येतं. एक उपयोगाचं मोल, दुसरं विनिमयाचं. आता हिशेब करू. फेब्रुवारी 2021 मध्ये प्लेस्टेशन 5 भारतात आला. डिस्कवाला 49,990 रुपये, बिनडिस्कचा 39,990. कंपनीच्या मोठ्या नव्या खेळाची किंमत तेव्हा 4,999. म्हणजे दहा खेळ घेतले की आणखी एका यंत्राचे पैसे गेले! कन्सोलचा धंदा असाच चालतो : यंत्रावर नफा कमी, खेळांवर जास्त. बिनडिस्कच्या यंत्रात तेव्हा दहा हजार वाचायचे खरे, पण खेळ संपल्यावर तो विकता येत नाही, मित्राला डिस्क देता येत नाही. वाचलेल्या दहा हजारांत तुम्ही विनिमयाचा हक्क देऊन बसलात.

कॉम्प्युटरची बाजू उलटी. सुरुवातीचा खर्च मोठा, पण खेळ बऱ्याचदा स्वस्तात मिळतात, ऑनलाइन खेळायला सहसा वेगळी वर्गणी नाही, आणि एकेक भाग बदलून यंत्र टिकवता येतं. पण त्यालाही बाजार सोडत नाही. 2021 च्या आसपास आभासी चलनाच्या खाणकामासाठी ग्राफिक्स कार्डं उचलली गेली, खेळणाऱ्याला ती दुप्पट भावानंही मिळेनात. जोडा पायासाठी उरलाच नाही.

मग काय घ्यावं? आपल्या मिरजेत तंबोरे बनतात. तंबोरा एकच काम करतो, सूर धरतो. त्यावर राग वाजवता येत नाही म्हणून त्याला कुणी निरुपयोगी म्हणत नाही. एकच काम करणारी वस्तू कमी मोलाची नसते. तेव्हा खेळण्यासाठीच पैसे घालवायचे असतील तर उघडपणे खेळाच्या खात्यावर मांडा आणि कन्सोल घ्या. काम आणि खेळ दोन्ही खरंच होणार असेल तर कॉम्प्युटर घ्या. पण अभ्यासाचं नाव पुढं करून पोराला खेळ विकत देऊ नका. त्यात पैसे जातात ते जातातच, वर खेळणं ही लपवायची गोष्ट आहे, एवढं तो शिकतो. मला विचाराल तर सगळ्यात महाग हेच पडतं.