भेग नाही, की भेग दिसली नाही?

मागच्या शनिवारी लेख टाकला नाही, त्याबद्दल सॉरी. शुक्रवारी रात्री रिलीज होतं. रात्री दोन वाजता टेस्ट रिपोर्ट सगळा हिरवागार. मी साइन-ऑफचा मेल टाकला, 'एकही डिफेक्ट सापडला नाही', आणि कॉफी मशीनला शेवटचा नमस्कार करून घरी गेलो. सोमवारी सकाळी साडेदहाला क्लायंटचा फोन. काही बिलांत रक्कम दोनदा धरली जात होती! मॅनेजरने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "अरे, तू बघितलं होतंस ना?"

बघितलं होतं. तेच तर! 'बघितलं' आणि 'नव्हतं' यांच्यामध्ये नक्की किती अंतर असतं, या विचाराने आठवडाभर डोकं खाल्लं. मग वाचत गेलो आणि जाऊन पोचलो थेट अमेरिकेतल्या मक्याच्या शेतात. हा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्यांच्या कितीतरी आधी विमानवाल्यांना पडला होता, आणि त्यांनी त्याची किंमत माणसांत मोजली होती.

ऑक्टोबर १९८९. आयोवा राज्यातल्या अल्टा गावाजवळ मक्याची कापणी चालू असताना शेतात धातूचा एक मोठा तुकडा सापडला. तीन महिने सगळे तोच शोधत होते. १९ जुलैला युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. वाटेत शेपटातल्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. स्टिअरिंगच गेलं म्हणा ना! कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ४४ मिनिटं विमान हवेत ठेवलं आणि सू सिटीच्या धावपट्टीवर आपटत का होईना, आणलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले, ११२ गेले.

हेन्स यांच्या कौशल्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. माझं लक्ष मात्र त्या तबकडीने वेधून घेतलं. ती १९७१ साली बनलेली. धातू वितळवतानाच त्यात नायट्रोजनचं प्रमाण जास्त असलेला एक ठिसूळ कण राहून गेला होता. तिथे जेमतेम दीड मिलिमीटरची पोकळी झाली, पोकळीतून भेग निघाली आणि प्रत्येक उड्डाणागणिक केसभर वाढत गेली. कारखान्यात तबकडीची अल्ट्रासॉनिक तपासणी झाली होती. पास! पुढच्या सतरा वर्षांत इंजिन दुरुस्तीला आलं की पेनिट्रंट तपासणी व्हायची. सहा वेळा झाली, सहाही वेळा पास!

ही पेनिट्रंट तपासणी म्हणजे काय, तर भाग स्वच्छ करायचा, त्यावर चमकणारा द्रव लावायचा, तो भेगांत मुरू द्यायचा, वरचा धुऊन टाकायचा, मग पावडर लावायची. भेगेत मुरलेला द्रव बाहेर ओढला जातो आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवी रेघ चमकते. भाग तोडावा लागत नाही, खराब होत नाही. म्हणूनच या शाखेला विनाशरहित तपासणी किंवा एनडीटी म्हणतात. कुंभाराकडे माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तिचीच इंजिनिअर झालेली नात.

शेवटची तपासणी फेब्रुवारी १९८८ मधली, अपघाताच्या ७६० उड्डाणं आधीची. तेव्हा ती भेग पृष्ठभागावर जवळजवळ अर्धा इंच लांब असावी, असा हिशोब नंतर मांडला गेला. आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे, भेगेच्या आतल्या भागावर त्या द्रवातल्या रसायनांचे अंश सापडले. म्हणजे द्रव आपलं काम करून गेला होता. भेगेत शिरला होता. दिवा होता, माणूस होता. तरी पास!

आता तुम्ही म्हणाल, त्या माणसाने कामचुकारपणा केला. मलाही आधी तसंच वाटलं (सोमवारी माझ्याबद्दलही लोकांना तसंच वाटलं असणार). पण १९९० सालच्या अहवालात अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 'माणसाच्या मर्यादा' असा शब्दप्रयोग केला. तपासणीची पद्धत आखताना त्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. भली मोठी तबकडी केबलला टांगलेली, ती हाताने फिरवत अंधारात आतली बाजू बघायची. शिवाय अशा तबकडीत भेग सापडणं इतकं दुर्मिळ, की सापडेल अशी अपेक्षाच नसते. आणि ज्याची अपेक्षा नाही ते डोळ्यांना कमीच दिसतं.

हे काही तेव्हा नव्याने कळलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला प्रश्न पडला होता, की रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणारा माणूस किती वेळ नीट बघू शकतो? केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधं घड्याळ बनवलं. काटा टिकटिक एकेक घर सरकायचा, क्वचित एकदम दोन घरं उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांची पकड ढिली व्हायला लागली. चांगले तरुण, निरोगी लोक, बरं का!

खरा कलाटणीचा क्षण मात्र १९६९ चा. त्या डिसेंबरमध्ये नेवाडात अमेरिकी हवाई दलाच्या एका एफ-१११ विमानाचा पंख हवेतच तुटला आणि दोघे वैमानिक गेले. विमान जुनाट असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. याचे उड्डाणाचे तास होते जेमतेम शंभराच्या आसपास. पंखाच्या सांध्यातल्या पोलादात घडणीपासूनच मोठा दोष होता आणि कारखान्यातल्या तपासण्यांतून तो सहीसलामत सुटला होता.

यानंतर हवाई दलाने विचारच उलटा केला. भाग निर्दोष आहे असं समजायचंच नाही. पहिल्या दिवसापासून भेग आहे असंच धरायचं, ती किती वेगाने वाढेल ते काढायचं, आणि धोक्याच्या आकाराला पोचायच्या आत तपासणी ठेवायची. छान! पण मग एक आकडा लागतो. तुमची तपासणी केवढी भेग खात्रीने पकडते? तोवर तपासणीवाले अभिमानाने सांगायचे, 'आम्ही एवढी बारीक भेग शोधली'. पण विमानाला त्याचं काय? विमानाला कळायला हवं, की तुमच्या हातून मोठ्यात मोठी केवढी भेग निसटू शकते.

हे मोजायला १९७० च्या दशकात हवाई दलासाठी लॉकहीड कंपनीने एक कार्यक्रम हाती घेतला. नाव 'हॅव क्रॅक्स, विल ट्रॅव्हल', एका गाजलेल्या काउबॉय मालिकेच्या नावावरून केलेली गंमत. भेगा असलेले विमानांचे भाग गाडीत घालून तळातळावर न्यायचे आणि तिथल्या तंत्रज्ञांना त्यांच्याच उपकरणांनी तपासायला सांगायचं. भेगा कुठे आहेत ते फक्त परीक्षकांना ठाऊक. १९७८ साली अहवाल आला आणि गंमत संपली. अर्ध्या इंचाच्या भेगेलाही हवी ती खात्री गाठता येत नव्हती. शिवाय एका तंत्रज्ञात आणि दुसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक.

'हवी ती खात्री' म्हणजे या क्षेत्रातलं प्रसिद्ध ९०/९५. सोपं आहे, बघा. समजा तुमची तपासणी एका ठरावीक आकाराच्या १०० पैकी ९० भेगाच पकडते. मग सलग २९ भेगा एकही न चुकता पकडण्याची शक्यता ०.९ चा २९ वा घात, म्हणजे सुमारे ४.७ टक्के. ५ टक्क्यांच्या खाली! म्हणून २९ पैकी २९ पकडल्या, तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं, की ही पद्धत त्या आकाराच्या किमान ९० टक्के भेगा पकडते. एक जरी सुटली तर २९ पुरत नाहीत, ४६ पैकी ४५ लागतात. पुढे डेटन विद्यापीठाच्या बेरेन्स आणि होव्ही यांनी १९८१ च्या सुमारास भेगेचा आकार वाढेल तशी सापडण्याची शक्यता कशी वाढते, याचा वक्र काढायची पद्धत बसवली. १९९९ मध्ये तिच्यावर आधारलेली अमेरिकी लष्करी मार्गदर्शिकाही निघाली.

यात एक पळवाट आहे, हुशार वाचकांच्या लक्षात आली असेलच. प्रत्येक भागावर 'भेग आहे' असा शिक्का मारत सुटलं, की शंभर टक्के शोध! म्हणून खोट्या इशाऱ्यांचा हिशोबही ठेवावा लागतो. हा धडाही रडारवाल्यांकडूनच आलेला. पडदा जास्त संवेदनशील केला की पक्षीसुद्धा विमान वाटायला लागतो.

मग प्रश्न सुटला का? नाही. १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे टेकऑफ घेताना डेल्टाच्या एका विमानाच्या पंख्याचा गाभा फुटला, एक आई आणि तिचा मुलगा गेले. ती भेगही पेनिट्रंट तपासणीतून सुटलेली. २०१८ मध्ये साउथवेस्टच्या विमानात पंख्याचं पातं तुटलं, एक प्रवासी गेली. तिथेही तेच. त्या पात्याच्या त्या तपासणीनंतर, पण अपघाताच्या आधीच, अशा पात्यांसाठी एडी करंट पद्धत आली होती, जिचा वक्र चांगला होता. वक्र चांगला म्हणजे निसटणारी भेग लहान. शून्य मात्र कधीच नाही.

असो. आता आमच्या धंद्याकडे. आयबीएमच्या हार्लन मिल्स यांनी १९७२ च्या सुमारासच सुचवलं होतं, की कोडमध्ये मुद्दाम बग पेरा आणि टेस्टिंगमध्ये त्यातले किती सापडतात ते मोजा. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात हे दोन ओळींत होतं, परीक्षेला कधी आलं नाही म्हणून कुणी वाचलं नाही!

या आठवड्यात मी टीममधल्या एका मित्राला म्हटलं, माझ्या मॉड्युलच्या कॉपीत मला न सांगता २० बग पेर. नेहमीच्या सगळ्या टेस्ट चालवल्या, नेहमीसारखं डोळे फाडून बघितलं. २० पैकी सापडले १३. मित्राच्या चेहऱ्यावरचं हसू मी विसरणार नाही. या मॉड्युलमध्ये आम्ही आजवर खरे बग काढलेत २६. म्हणजे ६५ टक्क्यांच्या हिशोबाने मुळात ४० असावेत, आणि १४ अजून आत बसलेत. तेही पेरलेले बग आणि खरे बग सारखेच अवघड धरून. खरे सहसा जास्त बेरकी असतात.

काल पुन्हा साइन-ऑफचा मेल टाकायचा होता. 'एकही डिफेक्ट सापडला नाही' हे वाक्य टाइप केलं आणि खोडलं. त्याऐवजी लिहिलं, 'या टेस्टमध्ये डिफेक्ट सापडला नाही. या मॉड्युलमध्ये आम्ही पेरलेल्या २० पैकी १३ सापडले होते.' मॅनेजरचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "असं क्लायंटला पाठवायचं?"

सोमवारी मीटिंग आहे. कळवतो काय होतंय ते.