खाशाबा जाधव : प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, कॉलेजच्या पैलवानानं ऑलिम्पिक पदक आणलं

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे पैलवान म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं गोळेश्वर हे त्यांचं गाव. हे पदक आखाड्यात मिळालं खरं, पण त्यामागे गावाची वर्गणी आणि एका प्राचार्यांचं घरही होतं.

जन्म आणि शिक्षण

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. १९४२ च्या चले जाव चळवळीतही त्यांनी भाग घेतला होता.

पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगकाठी लहान, त्यामुळं कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांच्याकडे गेले. त्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना लोळवलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. चपळाईमुळं पुढं त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणू लागले.

लंडन १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तोवरची कुस्ती सगळी लाल मातीतली. मॅटवरची कुस्ती आणि तिथले नियम दोन्ही नवीन. तरीही फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात त्यांनी सहावा नंबर मिळवला.

हेलसिंकी १९५२

पुढच्या ऑलिम्पिकसाठी निवडीत त्यांना आधी डावललं गेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि ती जिंकून त्यांनी संघात जागा मिळवली.

आता प्रश्न पैशाचा होता. खाशाबा आणि घरचे लोक दारोदार फिरले. गावकऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी रक्कम कमी पडत होती. तेव्हा खर्डेकर सरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७ हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानच्या शोहाची इशी याच्याशी लांबलेली कुस्ती हरल्यावर विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं, असं सांगितलं जातं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास मिळायला हवा होता, पण हरकत घ्यायला भारताचा अधिकारी तिथं नव्हता. ती कुस्ती गेली. तरी कांस्यपदक पक्कं झालं. याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचेच के. डी. माणगावे आपल्या गटात चौथे आले.

गावाकडचं स्वागत

कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या आसपास बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

नोकरी आणि उशिरा मिळालेला मान

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. मोठं पद मिळायला मात्र निवृत्ती जवळ यावी लागली. असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं, लिएंडर पेसनं टेनिसमध्ये ते आणलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ साली सुशील कुमारनं मिळवलं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्ती संकुलाला २०१० मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गोळेश्वरमधलं त्यांचं घर 'ऑलिम्पिक निवास' याच नावानं ओळखलं जातं.