फायब्रोमायल्जिया : वेदनेच्या साक्षीचा इतिहास

रोगाचे नाव हे पुष्कळदा त्याच्या कारणाविषयीच्या तत्कालीन समजुतीचे द्योतक असते. इ. स. १९०४ मध्ये लंडन येथील मज्जातंतुविशारद सर विल्यम गॉवर्स यांनी कटिशूलावरील व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' ही संज्ञा योजिली. स्नायूंतील तंतुमय ऊतकाचा दाह हे वेदनेचे मूळ होय, असे त्यांचे अनुमान होते. त्याच वर्षी राल्फ स्टॉकमन यांनी अशा ऊतकांत दाहाच्या खुणा आढळल्याचे नमूद केले. परंतु उत्तरकालीन संशोधकांना त्या आढळल्या नाहीत.

दाह सापडेना, तेव्हा संशय रुग्णावरच आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांमधील तत्सम वेदनांस 'मनोजन्य संधिवात' असे नाव देण्यात आले. ऊतकात पुरावा नाही म्हणून वेदनाही खरी नाही, असा हा तर्क होता. परंतु पुरावा अन्यत्र असू शकेल, ही शक्यता त्यात गृहीत धरलेली नव्हती.

इ. स. १९७५ मध्ये टोरांटो येथे मोल्डोफस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींच्या गाढ निद्रेत व्यत्यय आणला असता त्यांच्यातही तात्पुरती अंगदुखी उद्भवली. पुढील वर्षी हेन्च यांनी 'फायब्रोमायल्जिया' हे नाव सुचविले. त्यामुळे 'आयटिस' हा दाहवाचक प्रत्यय गळून पडला. इ. स. १९९० च्या अमेरिकन निकषांनी व्यापक वेदनेबरोबरच, सुमारे ४ किलोग्रॅम दाबाने १८ पैकी किमान ११ ठिकाणी दुखणे आवश्यक मानले. म्हणजे निर्णय अद्याप वैद्याच्या अंगठ्याकडेच होता.

इ. स. २००२ मध्ये ग्रेसली प्रभृतींनी मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांद्वारे दाखविले, की निरोगी व्यक्तीस सौम्य वाटणाऱ्या दाबानेच या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग उद्दीपित होतात. ध्वनीच्या बाबतीतही अशीच वाढीव संवेदनशीलता प्रयोगांत दिसून आली. प्रकाश, गंध व शीतोष्ण असह्य होण्याची रुग्णांची तक्रार त्यामुळे सुसंगत ठरली : दोष एका स्नायूचा नसून, संवेदनांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेचा असावा. इ. स. २०१० च्या निकषांनी वेदनाबिंदू वगळून थकवा, अतृप्त निद्रा व बौद्धिक मांद्य यांविषयीच्या रुग्णकथनास स्थान दिले.

तथापि वाद संपलेला नाही. इ. स. २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना दिली असता त्यांचीही वेदनासंवेदना वाढली. शरीरातील कारणाचा शोध त्यामुळे पुन्हा खुला झाला. उपपत्ती बदलत गेल्या, रुग्णांचे सांगणे मात्र फारसे बदलले नाही. ते ग्राह्य मानण्यास वैद्यकाला शतकभराचा अवधी लागला, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.