डेन्व्हर : पाट्यांवरची नावे

डेन्व्हर शहराला ज्या गृहस्थाचे नाव दिले आहे, त्याचा हे शहर वसवण्याशी काडीचाही संबंध नव्हता. जेम्स डेन्व्हर हा कॅन्सस टेरिटरीचा गव्हर्नर. १८५८ साली रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंतचा मुलूख कॅन्ससमध्ये मोडत असे. त्या उन्हाळ्यात साउथ प्लॅट नदीच्या वाळूत थोडेसे सोने सापडल्याची बातमी पूर्वेकडे पोहोचली आणि माणसे बैलगाड्या जुंपून निघाली. त्यात विल्यम लॅरिमर नावाचा एक जमिनीच्या व्यवहारातला मुरलेला माणूस होता. सोने खणण्यापेक्षा सोने खणायला येणाऱ्यांना प्लॉट विकणे अधिक फायद्याचे, हे त्याला पक्के ठाऊक होते. चेरी क्रीक जिथे प्लॅटला मिळते तिथली जागा आधीच दुसऱ्या एका मंडळींनी आखून ठेवली होती. लॅरिमरने नोव्हेंबरात ती सरळ बळकावली आणि गव्हर्नरसाहेबांची मर्जी राहावी म्हणून गावाला त्यांचे नाव दिले. साहेब तोवर पायउतार झाले होते. ती बातमी मात्र पर्वताच्या पायथ्याशी पोहोचली नव्हती. वरिष्ठाच्या नावाने चौकाचे उद्घाटन ठेवावे आणि नेमकी त्याची बदली झालेली असावी, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

ह्या शहराचा इतिहास वाचताना अशी नावे पुन्हा पुन्हा आडवी येतात. रस्ते, विमानतळ, डोंगर. कुणाचे नाव लागले, कुणाचे पुसले गेले आणि कुणाचे फार उशिरा लागले, एवढे जरी पाहिले तरी डेन्व्हरची बरीचशी गोष्ट हाती लागते. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना ती ऐकायला हवी, कारण शहरात कोणाला आपले म्हणायचे हाच त्या गोष्टीचा विषय आहे.

मुळात तिथे शहर होण्याचे काही कारण नव्हते. प्लॅट नदी नावा चालवण्याजोगी नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम चौदा-पंधरा इंच. पश्चिमेला डोंगराची भिंत आणि जवळच्या खिंडी अकरा हजार फुटांवर. नदीच्या वाळूतले सोने तर लवकरच संपले. खरे सोने आत डोंगरात होते. लॅरिमरने रस्ते आखले ते ओढ्याला समांतर. पुढे वाढलेल्या शहराने मात्र सरळ उत्तर-दक्षिण रस्ते घेतले. त्यामुळे डाउनटाउन आजही बाकीच्या शहराला तिरके आहे, आणि दोन्ही आखण्या जिथे भिडतात तिथे नवख्या ड्रायव्हरची दिशा हमखास चुकते.

पण ही जमीन कोणाची होती? १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकन सरकारने नॉर्थ प्लॅट आणि आर्कन्सॉ ह्या नद्यांमधला प्रदेश शायान आणि अरापाहो लोकांचा असल्याचे मान्य केले होते. म्हणजे सात वर्षांनी लॅरिमर जे प्लॉट विकत होता, ते सरकारनेच दुसऱ्याचे म्हणून सही केलेल्या जमिनीवरचे. संगमाजवळ अरापाहोंचे तळ पडत. त्यांचा एक प्रमुख लिट्ल रेव्हन. त्याने ह्या नव्या लोकांशी मैत्रीचेच वर्तन ठेवले. ते किती येणार आहेत ह्याचा अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता. १८६१ साली कॉलोराडो ही वेगळी टेरिटरी झाली, आणि त्याच वर्षीच्या फोर्ट वाइजच्या करारात ह्या दोन्ही जमातींकडे पूर्वीच्या जमिनीचा तेरावा हिस्साही उरला नाही. शायानांपैकी अनेकांनी तो करार कधीच मानला नाही.

आता जॉन एव्हन्स ह्यांच्याकडे येऊ. पेशाने डॉक्टर, लिंकन ह्यांनी नेमलेले टेरिटरीचे गव्हर्नर, आणि शिक्षणसंस्था काढण्याची मनापासून आवड असलेले गृहस्थ. शिकागोजवळचे एव्हन्स्टन हे त्यांच्याच नावाचे. आजचे डेन्व्हर विद्यापीठ १८६४ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी एक जाहीरनामा काढला : शत्रुत्व धरणाऱ्या इंडियनांचा नागरिकांनी पाठलाग करावा, त्यांना ठार मारावे आणि त्यांची मालमत्ता ठेवून घ्यावी. शत्रू कोण आणि मित्र कोण हे ठरवायचे कोणी, ह्याचा निवाडा अर्थात बंदूकवाल्याकडे. सप्टेंबरात ब्लॅक केटल आणि इतर प्रमुख समेटाच्या बोलण्यासाठी डेन्व्हरला येऊन गेले. फोर्ट लायनच्या आश्रयाला गेलात तर सुरक्षित राहाल, अशी समजूत घेऊन ते परतले.

२९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या सुमारे पावणेसातशे सैनिकांनी सँड क्रीकच्या काठी त्यांच्या तळावर हल्ला चढवला. ब्लॅक केटलने अमेरिकन झेंडा आणि खाली पांढरे निशाण उभारले होते. २३० च्या आसपास माणसे मारली गेली. त्यांतली बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी. प्रेतांची विटंबना करून आणलेले अवशेष डेन्व्हरच्या नाट्यगृहात लोकांसमोर मिरवण्यात आले. सायलस सोल ह्या तरुण कॅप्टनने मात्र आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही, आणि पुढे चौकशीत साक्ष दिली. काही आठवड्यांनी, एप्रिल १८६५ मध्ये, डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून ठार केले गेले. त्याचे लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. एव्हन्स ह्यांना राजीनामा द्यावा लागला.

आणि तरी डेन्व्हर जगले ते बव्हंशी ह्याच एव्हन्स ह्यांच्यामुळे, हेही सांगितले पाहिजे. युनियन पॅसिफिकने खंड ओलांडणारी रेल्वे नेली ती सोप्या चढाच्या वायोमिंगमधून. १८६७ मध्ये रेल्वे शायान गावाला पोहोचली, तेव्हा डेन्व्हरचे काही व्यापारी दुकाने उचलून तिकडे निघाले. १८६० च्या जनगणनेत डेन्व्हरची वस्ती ४,७४९ होती. १८७० मध्ये ४,७५९. दहा वर्षांत वाढ दहा माणसांची! मधल्या काळात एक आग आणि एक महापूर होऊन गेला होता, ते वेगळेच. शेवटी गावकऱ्यांनी पैसे उभे केले, एव्हन्स पुढे झाले, आणि जून १८७० मध्ये शायानपासून १०६ मैलांचा फाटा डेन्व्हरपर्यंत आला. दोन महिन्यांत कॅन्ससकडूनही गाडी आली. १८८० ची वस्ती ३५,६२९, आणि १८९० ची १,०६,७१३. डोंगरातले धातू उतरवायचे, वितळवायचे आणि पूर्वेकडे धाडायचे, हा शहराचा धंदा ठरला. १८७६ मध्ये कॉलोराडो राज्य झाले, आणि १८८१ च्या मतदानात डेन्व्हर कायमची राजधानी.

ह्या भरभराटीत चिनी मजूर आले. पश्चिमेकडची रेल्वे बांधण्यात त्यांचे हात होते. डेन्व्हरमध्ये ते प्रामुख्याने धोब्याचा व्यवसाय करीत. वाझी स्ट्रीटच्या आसपास त्यांची वस्ती होती. वर्तमानपत्रे तिला हॉप अ‍ॅली म्हणत. हे नाव तिथे राहणाऱ्यांनी ठेवले नव्हते. अफूच्या अड्ड्यांवरून बाहेरच्यांनी चिकटवलेले होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी एका गुत्त्यातल्या भांडणाचे निमित्त झाले आणि हजारोंच्या जमावाने ही वस्ती उद्ध्वस्त केली. लुक यंग नावाच्या एका धोब्याला मारून मारून ठार केले. कोणाला शिक्षा झाली नाही, नुकसानभरपाईही मिळाली नाही. दोन वर्षांनी काँग्रेसने चिनी मजुरांना देशाचे दारच बंद करणारा कायदा केला.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण ह्या वाटेवर मुंबई लागते. डेन्व्हरच्या श्रीमंतीचा पाया १८८० नंतर चांदी हा होता. चांदीचा भाव जगभर घसरत होता, पण एक मोठे गिऱ्हाईक बाकी होते : हिंदुस्थान. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. पण चांदीबरोबर रुपयाही उतरू लागला, आणि लंडनला पाठवायच्या पौंडांचा भार सरकारला पेलेना. म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने ही मुभा काढून घेतली. चांदीचा भाव कोसळला. आठवडा उलटण्यापूर्वीच कॉलोराडोच्या खाणमालकांनी खाणी आणि भट्ट्या बंद करण्याचे ठरवले. जुलैमध्ये तीन दिवसांत डेन्व्हरच्या डझनभर बँकांनी दारे लावली. बेकार खाणकामगारांचे तळ प्लॅटच्या काठी पडले. चांदीचा राजा म्हणवणारा होरेस टेबर, ज्याने शहरात भव्य ऑपेरा हाउस बांधले होते, तो धुळीला मिळाला. १८९९ मध्ये वारला तेव्हा तो शहराचा पोस्टमास्तर होता. मुंबईच्या फोर्टमधल्या त्या टांकसाळीवरून आपल्यातले कितीतरी जण शेकडो वेळा गेले असतील. तिच्या एका निर्णयाने डेन्व्हर गुडघ्यावर आले, हे शाळेत आपल्याला कोणी सांगितले नव्हते. असो.

१९९५ पूर्वी आपल्यापैकी जे कोणी विमानाने डेन्व्हरला आले, ते सगळे स्टेपलटन विमानतळावर उतरले. बेंजामिन स्टेपलटन हे पाच वेळा निवडून आलेले महापौर; पहिल्यांदा १९२३ मध्ये. विमानतळ १९२९ मध्ये त्यांच्याच आग्रहाने झाला, आणि १९४४ मध्ये त्याला त्यांचे नाव दिले गेले. हे स्टेपलटन कू क्लक्स क्लॅनचे सभासद होते. १९२४ मध्ये त्यांना पदावरून काढण्यासाठी मतदान झाले, तेव्हा क्लॅनच्या पाठबळावरच ते तरले. त्या काळी कॉलोराडोचा नवा गव्हर्नरही क्लॅनचा होता. डेन्व्हरमधल्या त्यांच्या सभासदांच्या वह्या टिकून आहेत आणि त्यांत सुमारे ३०,००० नोंदी आहेत. नोंदी रानातल्या दरोडेखोरांच्या नव्हेत. शेजारीपाजारी राहणाऱ्या दुकानदारांच्या, नोकरदारांच्या आणि पोलिसांच्या. रोख होता काळ्यांवर, ज्यूंवर, कॅथलिकांवर आणि परदेशातून आलेल्यांवर. १९२३ मध्येच सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला होता. आपण सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगांची वाट पाहत उभे होतो, ते नाव कोणाचे हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होते? स्टेपलटन पुढे क्लॅनपासून दूर झाले, हे खरे. पण विमानतळाच्या नावावर चर्चा करण्याची गरज कित्येक दशके फारशी कोणाला वाटली नाही, हेही खरे.

आता ज्याचे नाव मी सर्वांत आनंदाने घेतो तो माणूस. राल्फ कार हा रिपब्लिकन वकील १९३९ मध्ये कॉलोराडोचा गव्हर्नर झाला. पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. पश्चिमेकडच्या बहुतेक गव्हर्नरांनी हे लोक आमच्याकडे नकोत म्हणून हात झटकले. कार ह्यांनी जाहीरपणे सांगितले की ते आले तर कॉलोराडो त्यांना स्वीकारील, आणि नागरिकांना खटल्याशिवाय डांबणे घटनेत बसत नाही. संतापलेल्या लोकांच्या सभांतही त्यांनी आपले म्हणणे बदलले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते सेनेटची निवडणूक थोडक्या मतांनी हरले. पुन्हा त्यांना कोणतेही मोठे पद मिळाले नाही. १९५० मध्ये ते वारले.

केंद्र सरकारची छावणी मात्र झालीच, राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रॅनडापाशी. सात हजारांहून अधिक माणसे एका वेळी काटेरी तारेआड होती. टपालासाठी तिला नाव दिले गेले अमाची. अमाची ही एका गोऱ्या पशुपालकाची शायान पत्नी. तिचा बाप ओचिनी सँड क्रीकला मारला गेला होता. नाव सुचवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. पण निर्दोषांना डांबण्याच्या जागेला तिचे नाव लागले खरे.

युद्ध संपल्यावर छावणीतून सुटलेल्यांपैकी बरेच जण डेन्व्हरला राहिले. लॅरिमर स्ट्रीटच्या टोकाकडच्या साकुरा स्क्वेअरमध्ये त्यांनी कार ह्यांचा अर्धपुतळा उभारला. उद्ध्वस्त झालेली चिनी वस्ती तिथून चालत काही मिनिटांवर होती. तिच्या जागी कित्येक वर्षे एक फलक होता, आणि त्यावरच्या मजकुरात दंगलीतल्या चिन्यांपेक्षा त्यांना वाचवणाऱ्या गोऱ्यांचेच कौतुक अधिक होते. २०२२ मध्ये शहराने चिनी समाजाची रीतसर माफी मागितली आणि तो फलक काढला. स्टेपलटन विमानतळाच्या जागी उभ्या राहिलेल्या वसाहतीने ते नाव २०२० मध्ये टाकून सेंट्रल पार्क हे नाव घेतले. एव्हन्स ह्यांचे १८६४ चे जाहीरनामे मात्र रीतसर रद्दच झालेले नव्हते. ते झाले ऑगस्ट २०२१ मध्ये.

आणि डोंगर. डेन्व्हरहून पश्चिमेला पाहिले की जे शिखर डोळ्यांत भरते, १४,२०० फुटांहून उंच, ज्याच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो, जिथे आपण देशातून आलेल्या आईवडिलांना स्वेटर घालायला लावून घेऊन जातो, ते माउंट एव्हन्स. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचे नाव माउंट ब्लू स्काय झाले. अरापाहो स्वतःला निळ्या आकाशाचे लोक म्हणवतात. हेही बिनविरोध झाले नाही. नॉर्दर्न शायान जमातीने हरकत घेतली, कारण त्यांच्या दृष्टीने ते एका पवित्र विधीचे नाव आहे. ते डोंगराच्या नकाशावर यावे हे त्यांना रुचले नाही. ज्यांना न्याय द्यायचा तेही एकमताचे असतील असे आपण गृहीत धरतो. का धरतो?

विद्यापीठाला लागून जाणारा एव्हन्स अ‍ॅव्हेन्यू तसाच आहे. लॅरिमर स्ट्रीटवर आता महागडी रेस्टॉरंट्स आहेत. तिथून नदीच्या दिशेने चालत गेले की रेल्वेचे रूळ ओलांडून संगमाजवळच्या बागेपाशी एक नवा रस्ता लागतो. जुन्या रेल्वेयार्डांची जागा मोकळी झाल्यावर तो आखला गेला. त्याचे नाव लिट्ल रेव्हन स्ट्रीट.