जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक : घरी लायनर बदलताना

तळेगाव दाभाडेहून निघालेला मालट्रक एका दिशेस चाकणच्या कारखान्यांकडे वळतो, तर दुसऱ्या दिशेस लोणावळा ओलांडून बोरघाट उतरतो. सपाट रस्त्यावर झिजलेला ब्रेक फार तर कुरकुरतो. घाटात तोच जिवावर बेततो. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या जुन्या, हायड्रॉलिक ब्रेकच्या छोट्या ट्रकचे लायनर बदलण्याचे काम जाणकार मालक स्वतःच्या अंगणात करू शकतो. परंतु लायनर बदलणे हे निम्मेच काम. ते का झिजले, याचा शोध घेणे हे उरलेले निम्मे.

रचना आणि झीज

चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात. पेडल दाबताच व्हील सिलिंडरमधील पिस्टन त्यांना बाहेर ढकलतात आणि शूवरील लायनर ड्रमला घासते. ड्रमच्या फिरण्यामुळे सामान्यतः एक शू आपोआप अधिक आवळला जातो. म्हणून दोन्ही लायनरची झीज सारखी नसते. सतत ब्रेक दाबून उतार उतरल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो व पेडल खोल जाते. तापलेल्या लायनरची पकडही घटते.

पेडल खोल जाणे, गाडी एका बाजूस ओढणे, घासल्याचा कर्कश आवाज ही झिजेची लक्षणे होत. रिव्हेटने बसवलेले लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजू देऊ नये. एकदा धातू ड्रमला लागला की ड्रमवर चरे पडतात. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

काम सुरू करण्यापूर्वी

जागा सपाट व टणक हवी. उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. काही जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूस उलट्या आट्यांचे नट असतात, हे ध्यानात ठेवावे. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. गाडीचा भार मजबूत स्टँडवर घेतल्याखेरीज तिच्याखाली हात घालू नये. विटांच्या चळतीवर तर मुळीच विसंबू नये.

जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम झटकण्याची सवय सोडावी. योग्य मास्क लावून ओल्या फडक्याने धूळ टिपावी.

शू बदलताना

हँडब्रेक सोडून, ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावेत म्हणजे ड्रम सुटतो. एका वेळी एकच बाजू उघडावी. स्प्रिंगांची मांडणी विसरल्यास दुसरी बाजू नमुन्यासाठी शाबूत राहते. नवे लायनर मात्र एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना बसवावेत. एकीकडे नवे व दुसरीकडे जुने ठेवल्यास ब्रेक लागताना गाडी एका बाजूस ओढली जाते.

लायनर तेलकट असल्यास घासून पुन्हा वापरू नये. गळती हबच्या ऑइल सीलची आहे की व्हील सिलिंडरची, हे आधी शोधावे. अन्यथा नवे लायनरही काही दिवसांत भिजेल. सिलिंडरचे रबर पेट्रोल वा डिझेलने धुऊ नये, ते फुगते. ड्रमवर खोल चरे असल्यास तो लेथवर साफ करून घ्यावा. त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो मोठा झाला असेल किंवा त्याला तडा असेल, तर बदलावा. शू जेथे बॅकप्लेटला टेकतो, तेथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावावे.

जुळणी आणि चाचणी

ड्रम चढवून चाक हाताने फिरवत ॲडजस्टर आवळावा. ते अडू लागताच पुस्तिकेनुसार थोडा सैल करावा. सिलिंडर किंवा पाइप उघडला असल्यास एअर काढणे अपरिहार्य ठरते. पुस्तिकेत वेगळा क्रम नसल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. ब्रेक ऑइल सांगितलेल्या प्रतीचे व बंद डब्यातील घ्यावे; ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. तापलेल्या ब्रेकमध्ये मग वाफ धरते व पेडल पोकळ लागते.

इंजिन चालू ठेवून पेडल टणक लागते, याची खात्री करावी. पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, मंद गतीने घ्यावी. थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळावेत. नवे लायनर ड्रमशी नीट बसेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

कोठे थांबावे?

एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकचे काम घरी करू नये. त्याच्या पार्किंग ब्रेकच्या चेंबरमधील दाबलेली स्प्रिंग निसटल्यास प्राणघातक ठरते. हायड्रॉलिक गाडीतही पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर ती न हलवता मेकॅनिकला बोलवावे.

चालवण्याची शिस्तही तितकीच महत्त्वाची. मावळच्या पावसात पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात. हलकेच ब्रेक दाबत ते सुकवावेत. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरल्यास ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते, आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोधशक्तीही मिळत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचे लायनर अधिक टिकते, आणि गरजेच्या क्षणी ते हाताशी असते.