गेटपर्यंत सोडायला जाण्याचे दिवस

आमच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण सप्टेंबर २००१पर्यंत अमेरिकेत पाहुण्यांना पोचवायला, हातात तिकीट नसतानाही, विमानाच्या गेटपर्यंत जाता येत असे. आई-बाबा भारतात परत निघाले की विमान हलेपर्यंत आम्ही काचेपाशी उभे असू. हेही एक स्वातंत्र्य आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

तपासणी आधी नव्हती असं नाही. क्यूबाकडे विमानं पळवून नेण्याचे प्रकार फार वाढले, तेव्हा जानेवारी १९७३पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. पण ते काम विमान कंपन्यांनी नेमलेल्या खासगी कंपन्या करत. ११ सप्टेंबर २००१ला १९ जणांनी चार विमानं ताब्यात घेतली, २,९७७ निरपराध माणसं गेली आणि सगळंच बदललं. त्याच नोव्हेंबरात कायदा होऊन 'टीएसए' ही सरकारी यंत्रणा आली. पुढे प्रत्येक कटामागे एक नियम जन्माला आला. डिसेंबर २००१मध्ये पॅरिस-मायामी विमानात एकानं बुटातला बाँब पेटवायचा प्रयत्न केला, म्हणून बूट काढा. ऑगस्ट २००६मध्ये लंडनचा द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, म्हणून बाटल्या १०० मिलिलिटरच्या आत. बूट काढायचा सरसकट नियम सुटायला जुलै २०२५ उजाडावा लागला!

बुटांचं काय, घातले की झालं. न दिसणारा बदल मोठा होता. हल्ल्यानंतर ४५ दिवसांत, २६ ऑक्टोबर २००१ला, 'पॅट्रियट अ‍ॅक्ट'वर सही झाली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मत. विरोध करणारे एकटे विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड. त्यातल्या कलम २१५नुसार, कोण कुठलं पुस्तक वाचतो हेसुद्धा सरकार गुप्त न्यायालयाच्या आदेशानं मागू शकत होतं. पहिला मोठा आवाज उठवला तो ग्रंथपालांनी. याच कलमाखाली कोट्यवधी सामान्य लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा होत होत्या, हे २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनमुळे जगाला कळलं.

आणि हा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. १५ सप्टेंबर २००१ला अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घालण्यात आली. अपराध एवढाच, की डोक्यावर पगडी होती. २००२पासून २५ देशांतल्या, १६ वर्षांवरच्या हजारो पुरुषांना सरकारी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. १३ हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. यादीत भारत नव्हता, म्हणून आपण वाचलो. माझ्याशेजारच्या टेबलावर काम करणारा पाकिस्तानी सहकारी मात्र त्या रांगेत उभा राहिला. आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या व्हिसावर आलो होतो. फरक फक्त पासपोर्टच्या रंगाचा.

या देशानं हे पूर्वीही केलं होतं. १९४२मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. सरकारनं माफी मागितली ती १९८८मध्ये. तोवर कित्येक जण गेलेही होते.

सुरक्षा नको असं कोण म्हणेल? माझीही मुलं विमानानंच येतात-जातात. पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. पॅट्रियट अ‍ॅक्टच्या काही कलमांना मुदत घातलेली होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा चर्चेला आली. कलम २१५ला २०१५मध्ये लगाम बसला आणि मार्च २०२०मध्ये त्याची मुदत संपली. भीतीच्या दिवसांत केलेल्या नियमावर संपण्याची तारीख असावी. आज आपल्यातले पुष्कळ जण इथले नागरिक आहेत, मतदार आहेत. पुढचा असा कायदा येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीला दोनच प्रश्न विचारूया: हा किती दिवसांसाठी, आणि रांगेत नक्की कोण उभं राहणार? त्या यादीत आपलं नाव नसलं, तरीही विचारूया.